रोलरचं तेल

चौकशी समितीने माझी वही मागितली,
तेव्हा वह्या दोन आहेत
हे मी बोललो नाही.

दिली ती दिवसाची:
किती ट्यूब फुटल्या, कुठली साखळी किती दिवस चालली,
सावळघाटाच्या उताराला ब्रेकचं रबर किती झिजलं.
मी मिस्त्री. चाकाचा आउट काढणं माझं काम.
स्पोक बोटाने छेडला की सांगतो
कुठे ढिला, कुठे तुटायला आलाय.
माणसांचं तसं कळत नाही साहेब, असं मी म्हणालो.
ते खोटं होतं.

सुरुवातीला सात पोरं आणि एक टेम्पो.
सातपूरच्या बेअरिंग कारखान्याने जर्सी दिल्या,
धड पिवळ्या नाहीत, धड पांढऱ्या नाहीत.
गंगापूर रोडला लोक म्हणायचे, कढी निघाली.
पहाटे पेठच्या रस्त्याने करंजाळी,
तिथे भजी, आणि परत.
रामदास भोये तेव्हा घरच्या नागलीच्या भाकरीवर
अख्खा घाट सीटवरून न उठता चढायचा,
वर पोचला की विचारायचा, "संपला?"

धुळ्याच्या शर्यतीत शेवटून तिसरे आलो.
मालक म्हणाले, हा जाहिरातीचा पैसा आहे,
गणपतीची वर्गणी नव्हे.
त्याच आठवड्यात डॉक्टर आले.
गोड माणूस. प्रत्येकाच्या आईची चौकशी करायचे.
त्यांची निळी बर्फपेटी माझ्या पान्यांच्या कपाटाशेजारी,
किल्ली त्यांच्याकडे,
वीज गेली की बर्फ आणायला मी.

सुहास थेटेच्या बापाची ओझरला द्राक्षबाग.
घड न् घड जीएच्या पाण्यात बुडवायचा,
मणी टपोरे, सगळे एका मापाचे.
एका साली युरोपातून कंटेनर परत आला,
औषधाचा अंश सापडला म्हणे.
सुहास म्हणाला, "बापाची द्राक्षं पकडली, मला नाही."
सगळे हसले.
मीही हसलो, हातात पाना तसाच.

मग आम्ही जिंकायला लागलो.
द्वारका सर्कलला फटाके, बँडवाले, आमदारांचा फ्लेक्स,
कढी म्हणणारे आता मुलांना खांद्यावर घेऊन उभे.

दुसरी वही रात्रीची.
रक्त दाट व्हायचं, झोपेत नाडी फार खाली जायची,
म्हणून डॉक्टर त्यांना अडीच-तीनला उठवायचे.
शेडमध्ये, दिवा न लावता, रोलरवर दहा मिनिटं.
चाकं जोरात फिरायची
आणि कुणी कुठेच जात नसे.
शेजारच्या प्रेसची रात्रपाळी ऐकेल म्हणून
रोलरचा आवाज नको होता.
तेवढं मी बघितलं.
तेलाचा हिशेब द्यावा लागे, म्हणून लिहून ठेवत गेलो:

ता. १७. रात्री ३. भोये, थेटे, कोकणी. तेल चार थेंब.
ता. १८. पावणेतीन. तिघे. तेल तीन.
ता. १९. थेटे, कोकणी. भोये उठला नाही.

लिहिताना वाटलं होतं,
झोप लागली असेल, बरं झालं, झोपू दे.

पेपरात हृदयविकार आला.
मालकांनी हात काढला, वायनवाल्यांनी घातला.
जर्सी जांभळी, टेम्पो जांभळा,
पण कलत्या उन्हात रंगाखालून
जुनं नाव वाचता यायचं.
डॉक्टर इंदूरला गेले, बर्फपेटी दुसऱ्याने आणली.
मग एकेक नमुना पकडला जाऊ लागला.
इरफान कोकणीने एकट्याने तोंड उघडलं,
चार वर्षांसाठी बाद झालेला तोच एकटा.
बाकीच्यांना सहा-सहा महिने,
आणि एकाला तालुक्याचा क्रीडा पुरस्कार.

आता पेठ नाक्यावर माझी टपरी.
शाळेची पोरं हवा भरायला येतात, पैसे उद्या म्हणतात.
ती वही सुट्या छऱ्यांच्या डब्यात आहे,
तेलाने पानं इतकी पारदर्शक झालीत
की एकोणीस तारीख मागच्या बाजूनेही दिसते, उलटी.

रोलरही मीच ठेवलाय. भंगारवाला तीनदा विचारून गेला.
कधी टपरी बंद केल्यावर हाताने फिरवून बघतो.
बराच वेळ फिरत राहतो.
अजून आवाज करत नाही.
इतकं चोख काम केलं होतं मी.