गुरुवारची वही

अग्निशमन दलाच्या हॉलवर, वरच्या मजल्याला,
रबरी बुटांचा वास जिथं जिन्यापर्यंत पाठलाग करतो,
तिथं आम्ही अकरा जण.
गुडघे, मनगटं, कमरेचा एक हटवादी मणका.
व्हिन्को लाकडी पेटी उघडतो,
चिमट्यानं एकेक मधमाशी उचलतो
आणि ज्याची त्याची दुखरी जागा तिला दाखवतो.

मी लिहून घेते.
पोस्टात एकतीस वर्षं काढली, अक्षर बरं आहे, म्हणून सेक्रेटरी.
दिनांक. हजर. डंख किती. कुठं.
कोणी रडलं तर ते लिहीत नाही.
माश्या किती मेल्या, तेही नाही.

भिंतीवर जुन्या मधपेटीची रंगवलेली फळी आहे:
धारेच्या चाकावर सैतान
एका बाईच्या जिभेला धार लावतोय,
दुसरी म्हातारी हौसेनं दांडा फिरवतेय.
माश्यांना आपलं घर ओळखता यावं
म्हणून अशी चित्रं काढायचे म्हणे.
आम्हाला तिच्यात गाव ओळखू यायचं.

बेकरीच्या रांगेत मागून कोणीतरी करायचं, झ्झ्झ.
ल्युदमिलाच्या फाटकावर खडूनं लिहिलं, चेटकीण,
आणि तेही शुद्धलेखन चुकवून.
केमिस्टबाई मला सुटे पैसे हातात देईनात,
काचेवर ठेवायच्या.
जिभेला हाड नसतं; दातांना तरी असावं की नाही?

म्हणून मार्चमध्ये नियम केले. मीच मसुदा लिहिला.
कोणाला उलट बोलायचं नाही.
‘बरं होतं’ म्हणायचं नाही, ‘मला बरं वाटलं’ म्हणायचं.
कोणी अंगावर आलंच तर खुर्ची, लिंडनच्या फुलांचा चहा,
आणि मोहोळापुढं वागतो तसं वागायचं:
सावकाश हालचाल, अत्तर नाही, फुंकर नाही.
टाळ्या पडल्या.
उन्हाळ्यापर्यंत बेकरीतलं गुणगुणणं थांबलं.
मला वाटलं, जमलं.

नोव्हेंबरात बोश्त्यान ह्रिबेर्निक आला.
ओला कोट, हातात टोपी. ओरडला नाही.
आम्ही खुर्ची दिली. चहा दिला.
अकरा जण सावकाश हललो.
तो सगळ्यांकडं एकदा बघून म्हणाला,
“धूर देताय मला.
पेटी उघडायच्या आधी देतात, तसा.”

मग माझ्याकडं वळला.
“वहीत दानित्साचं काय लिहिलंय?”

मी पान काढलं. अकरा एप्रिल. हजर.
डंख तीन, डावा खांदा.
म्हणाली, पाय हलके वाटतायत.
त्यानं ऐकलं.
ती आता चमचा धरू शकत नाही, म्हणाला,
हवामान सांगावं तशा आवाजात.
ल्युब्ल्यानाहून यायची ती इंजेक्शनं
फ्रिजमध्ये लोण्याच्या मागं तशीच सापडली.
सगळी. जूनपर्यंतची.

वहीत जे नव्हतं ते मला पाठ होतं.
त्या गुरुवारी, जिन्यात, बुटांच्या वासात,
तिनं माझी बाही धरून विचारलं होतं,
“झोफ्का, थांबवू का गं ती?”
थांबव, असं मी म्हणाले नाही.
थांबवू नकोस, असंही नाही.
नियमाप्रमाणे म्हणाले, “मला बरं वाटलं.”

आणि वाटलं होतं. हेच तर आहे.
हे मनगट खरंच दुखत नाही,
एके काळी याला शिक्काही उचलवत नव्हता.
याच मनगटानं आता हे लिहितेय.

बोश्त्याननं चहा घेतला नाही.
साय धरली नव्हती त्यावर, चहाच तो,
पण तसं काहीतरी धरलं.
व्हिन्कोनं पेटी न उघडताच खाली नेली,
आतून आवाज येत होता, रोजचाच.

तो गेल्यावर मी वही ओढली.
दिनांक. हजर: बारा.
बाराव्याचं नाव लिहिलं, पूर्ण.
पुढचा रकाना: डंख किती. कुठं.

खाली कोणीतरी बंबाचं इंजिन सुरू करून बघत होतं.
ल्युदमिला कप विसळत म्हणाली, लिही काहीतरी,
रकाना मोकळा ठेवायचा नसतो.