डाव्या बाजूचा दिवा

आधी वजन.
ट्रेलरचं नाक मी न्हाणीघरातल्या काट्यावर टेकवलं,
ज्यावर जानेवारीपासून मी स्वतः पाय ठेवलेला नाही.
सत्तर किलो. मर्व्ह म्हणाला, चालेल.
भार मागे गेला तर ट्रेलर शेपूट हलवतो
आणि मग शेपूटच गाडीला हलवते.
नांगर पुढे सरकवला, बर्फाची पेटी पुढे,
त्याच्या बुटांचा जोडसुद्धा पुढे.

ब्रोकन हिलमध्ये बोट बाळगणं म्हणजे
गल्लीला फुकटची करमणूक.
समोरचा रेग मस्कॅट दर ईस्टरला विचारतो,
"काय, भरती कधी येतेय?"
मेनिंडीच्या तळ्यावर अकरा वर्षं चालली ती.
मग तळं आटलं, मग भरलं, मग मासे मेले,
मग आम्हीच जाईनासे झालो.
ताडपत्री काढली तर आत बाकांवर
बोटभर लाल धूळ,
आणि धुळीत कुण्या मांजराची पावलं,
जाताना आणि येताना.

बेअरिंग मी बदलली.
ग्रीस कोपरापर्यंत, ग्रीस भुवईवर,
कारण माशी बसली आणि हात कसे आहेत ते विसरले.
तो स्टुलावर बसून सांगत होता,
फिरव. ऐक. खरखरलं? पुन्हा काढ.
मला काही ऐकू येत नव्हतं.
पाचव्यांदा चाक फिरलं
आणि तो काहीच बोलला नाही,
तेव्हा कळलं की जमलं.

रविवारी फुटबॉलचं मैदान रिकामं असतं.
"हात स्टीअरिंगच्या तळाशी धर, लोरेल.
हात जिकडे, बोट तिकडे."
सांगायला काय जातं!
चाळीस वर्षं मी शेजारच्या सीटवर
नकाशा धरला, अंडी सोलली, माश्या हाकलल्या.
सहासष्टाव्या वर्षी गाडी मागे घेते आहे
आणि ती कात्रीसारखी मिटते.
गोलपोस्ट थोडक्यात वाचला.
सायकलवरच्या एका पोराने टाळ्या वाजवल्या.
मी त्याला हॉर्न दिला, लांब.

साखळ्या नाकाखाली फुलीसारख्या,
हूक सुटलाच तर नाक त्या झोळीत पडेल, डांबरावर नाही.
तळाचं बूच किल्लीच्या कडीला बांधलं,
नाहीतर आठशे किलोमीटर ओढून न्यायची
आणि समुद्राला आयती प्यायला द्यायची.

दिव्यांसाठी गेले तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला,
नवे घ्या, एलईडी, वीज कमी खातात,
अजिबात तापत नाहीत.
म्हटलं, मग नकोत.
तो बघतच राहिला.

आता मी गाडीत. मर्व्ह मागे,
ट्रेलरची कड चाचपत चाचपत पोचलेला.
"ब्रेक!"
मी पाय दाबते, दाबून ठेवते.
बराच वेळ काही नाही.
आरशात दिसतं, लाल काचेवर त्याचा तळवा,
लेकराचा ताप पाहावा तसा.
"उजवा लागला."
कड धरून तो पलीकडे जातो.
पुन्हा थांबणं.
रेगचं कुत्रं एकदा भुंकून गप्प.
"डावा थंड आहे."
मी म्हणते, तुला नीट...
"थंड आहे म्हणतो ना."

उतरून पाहिलं. उंदराने वायर कुरतडलेली,
तांब्याचे दोन केस तेवढे लोंबत होते.
टेप लावताना माझेच हात थरथरले,
ते ग्रीसमुळे, असं मी त्याला सांगितलं.

पहाटे निघालो. कांगारू झोपायला गेल्यावर
निघायचं ठरलं होतं, पण त्याला धीर कुठला.
माझ्या जुन्या जागी बसून
मांडीवर नकाशा उघडून धरलाय त्याने. उलटा.
"पीटरबरोच्या आधी रस्ता उंचसखल आहे," म्हणतो,
"तिथे घाई करू नकोस."
रेग पायजम्यातच फाटकाशी आला,
टॉर्च हलवत मला बाहेर काढलं,
भरतीचं नावही न काढता.
वळताना ओरडला,
"डावा दिवा लागतोय हो!"

मर्व्हने काच खाली केली.
"माहीत आहे मला."