दुहेरी नोंदी

मडगावात, पंपांच्या दुकानामागच्या खोलीत
मी ग्राहकांची यादी निवडतो आहे,
तांदूळ निवडावेत तशी.

सिप्रियान कुलासो, कुडतरी.
सिप्रियानो कोलासो, कुर्टोरी.
आणि एक नुसताच 'इगर्जीमागचा बाब', फोन तोच.
तीन नोंदी, विहीर एक, पंप एक.
'एकत्र करा' दाबलं की सिस्टीम विचारते,
यातलं खरं नाव कोणतं?
मी कोण बाप्तिस्मा देणारा!

दर चौदा मार्चला, पहाटे सहाला,
त्याला तीनतीनदा शुभेच्छा जातात.
उत्तरं कुठे जाऊन पडतात
ते शोधण्यात दुपार गेली.
सापडली एक पेटी, कुणाच्याच नावावर नसलेली,
तिच्यात एर्नेस्तीन बाय:
'देव बरें करूं. पूण तो आतां ना.'
आणि पुढच्या मार्चात:
'पंप आवाज करता. कोणाक तरी धाडात.'

शुभेच्छा थांबवल्या.
दोन नोंदी तिसरीत मिसळल्या,
नाव तिचं घातलं.
'इगर्जीमागचा बाब' मात्र टिपणात राहू दिलं,
घर त्यावरूनच सापडतं.

रोहिदासला तक्रार दाखवली.
तारीख बघून तो जरा गप्प झाला.
मग म्हणाला, बेअरिंग असेल.
आत्ताच निघतो.