काना-मात्रा नसलेलं पत्रक

बेचाळीसच्या मार्गशीर्षात नागू वाघचवरे रजेवर आला,
एक पाय ओढत,
आणि ट्रंकेतल्या साबणावरचा कागद सोडवून
चिलवेरींच्या छापखान्यात माझ्यासमोर ठेवला :
"वाच बघू, खिळेवाल्या.
हायफ्याच्या गोदीत भिंतीभिंतीवर होता हा."

मी सोळा वर्षांचा. उलटे खिळे सुलटे वाचणारा.
पण हे मुळातच उजवीकडून निघालेलं.
एका अंगाला चौकोनी अक्षरं, चुलीच्या विटांसारखी,
दुसऱ्या अंगाला मागावरून सुटलेलं सूत.
मधे जाड रेघ.

नागूला तिथल्या चहावाल्यानं सांगितलेलं :
जर्मन वाळू तुडवत येतोय,
यहुद्यांनो, अरबांनो, आता तरी एक व्हा.
"बाकी काय लिहिलंय?"
बाकी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग पार्सल ऑफिसातून सामसन आष्टमकर आला,
ज्याच्या आज्याला कोकणात शनवार तेली म्हणत.
साखर पेठेतून लाडलेसाब मोमीन,
कानात कापसाचं बोंड, बोटांना खाकी रंग;
त्या साली चादरींवर मोर नव्हते,
सगळे माग पलटणीसाठी कांबळी विणत होते.
दोघं बोलत नव्हते तीन वर्षं.
लाडलेसाबची एक गाठ रेल्वेत हरवली होती, अठरा चादरींची.
दोघं कागदाच्या दोन बाजूंना उभे राहिले,
आपापल्या.

सामसन अडखळला.
"आमच्या पोथीत अक्षरांखाली टिंबं असतात.
ही उघडी आहेत. काना नाही, मात्रा नाही."
लाडलेसाबनं चष्मा पुसला.
"जेर नाही, जबर नाही.
आणि मौलवीनं उच्चार दिला, माने नाही दिला."

तरी वाचत गेले, ठेचकाळत,
दोन बैल वेगवेगळ्या शिवारांत.
चौथ्या ओळीशी सामसन म्हणाला, याद.
लाडलेसाब सातव्या ओळीवर, यद.
मला वाटलं, यादी असेल.
नागूला वाटलं, आठवण.

"हात," सामसन म्हणाला.
"तोरा वाचताना बोट लावत नाहीत,
चांदीचा इवलासा हात असतो. मुंबईला, आमच्या मशिदीत."
"मशिदीत?"
"आम्हीही मशीदच म्हणतो."
लाडलेसाब बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.
मग स्वतःचा खाकी पंजा उलटासुलटा केला :
"आमच्यात एक सूरा आहे. तिच्यात हात मोडतात.
यद म्हणजे हातच."
आमच्या घरी त्याला चेय्यी म्हणतात.
मी बोललो नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

"आणि दुश्मन?" नागूनं विचारलं.
दोघांनी शोधलं.
दोन बोटं दोन ठिकाणी टेकली,
दोन शब्द निघाले, एकमेकांना न ओळखणारे.
नागू हसला, "कागद तर त्याच्यासाठीच काढलेला!"

निघताना सामसन दारात थांबला, चप्पल चाचपत.
"ती गाठ गुंतकलला पडून होती.
मला कळलं होतं.
मी पत्र लिहिलं नाही."
लाडलेसाबनं शिवी दिली, एकच, पण जुनी, चांगली विणलेली.
मग दोघं पानाच्या गादीपर्यंत बरोबर गेले.
तिथून पुढचं मला ठाऊक नाही.

सहा वर्षांनी सरहद्दीवर रझाकार आले, गावात अफवा.
छापखान्यात वेगळी पत्रकं आली,
कुणाकडून काय घ्यायचं नाही, कुणाला काय द्यायचं नाही.
तीही मीच जुळवली. खिळे तेच.
रोजी आठ आणे.

सामसन पन्नास सालानंतर बोटीनं गेला.
कागद माझ्या केसच्या खाली अंथरलेला.
वाळवीनं विटा खाल्ल्या, सूत खाल्लं,
रेघ तेवढी ठेवली. शाई जाड असेल.

मग एकदा बीरशेबाहून मराठीत कार्ड आलं :
वाळवंटातही रात्री गारठा पडतो, लाडलेसाबला सांग,
एक चादर, मोराची.
त्यानं विणली. हिशेब मांडला नाही.
पत्ता मी लिहिला,
पार्सल ऑफिसातल्या नव्या पोरानं शिक्का मारला.

पोच अजून आलेली नाही.