पाठमोरा

त्या सिनेमातला हिरोचा उघडा पार्श्वभाग
हिरोचा नाही.
तो आमच्या रुझार फर्नांडिसचा आहे,
मुक्काम शिवोली, धंदा टायर-पंक्चर.

आसगावच्या एका बंगल्यात अकरा रात्री शूटिंग चाललं.
गोष्ट अशी की चार दोस्त गोव्याला येतात,
पितात, ओकतात, चड्ड्या हरवतात,
एकाचं लग्न मोडतं, दुसऱ्याचं चुकून लागतं,
आणि पोलिसांच्या जीपमध्ये डुक्कर सापडतं.
आम्ही तिघे पार्टीतली गर्दी.
रात्रीचे आठशे, जेवण त्यांचं.
बाटल्यांत कोरा चहा.
उल्हास गावस पहिल्याच घोटाला म्हणाला,
"ही बेइमानी आहे,"
आणि दुसऱ्या रात्रीपासून खिशात फेणी घेऊन आला.
म्हणून पडद्यावर नीट बघाल तर
त्या सगळ्या धिंगाण्यात
एकच माणूस खरोखर नाचतो आहे.

हिरोनं उघडं धावायला नकार दिला.
त्याच्या करारात गुडघ्यांच्या वरचं काही नव्हतं.
मग असिस्टंटनं आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं
आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
बायका कलिंगडं बघतात तसं बघितलं,
टिचकी तेवढी मारली नाही.
मी नापास.
उल्हासचं म्हणे फार गंभीर दिसतं.
रुझार पास. पाच हजार वेगळे.

डिसेंबर, पहाटेचे चार, पाण्यावर धुकं.
तेवीस पुरुष, एक डुक्कर,
आणि मेकअपवाली बाई, जिनं रुझारचा तीळ
भिंतीतली भेग बुजवावी तसा पावडरनं बुजवला.
तो धावायचा, डुक्कर मागे, धप्पकन पाण्यात.
आणि "कट" झालं रे झालं की
उल्हास टॉवेल घेऊन पळायचा.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तोंड फिरवून, हात मागे लांब करून
टॉवेल धरायचा, वर शिव्या:
"आवर भडव्या, माझे हात गोठले."
नऊ टेक.

पलीकडे, मोठ्या दिव्याखाली, हिरो मित्राच्या गळ्यात पडून म्हणत होता,
"तुझ्यासाठी जीव देईन, भावा."
त्याचे चौदा झाले.
जीव द्यायची वेळ आली की तो पुढचा शब्द विसरायचा.

म्हापशाला सिनेमा लागला तेव्हा
आम्ही दोन रांगा अडवल्या.
रुझारची मिलाग्रीन, तिची आई, दुकानातला पोऱ्या,
उल्हासचा थोरला भाऊ, जो फक्त नाटकं बघतो.
तो सीन आला. शिट्ट्या.
पावडर पाण्यात टिकली नव्हती.
सासूनं खुरीस काढला,
आणि अंधारातून मिलाग्रीन, खणखणीत:
"सायबा! तीळ!"
शेवटी नावं सरकली.
डुकराचं नाव होतं.

आता तो रात्री उशिरा टीव्हीवर लागतो,
नेमका तेवढा तुकडा कापून.
पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.
रुझारचे केस गेले, माझे दात,
उल्हासनं फेणी सोडली, तीनदा.

परवा बांबोळीला रुझारचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.
दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, चालायला लावा.
तो हिरवा झगा, मागून नाडीचा,
नाडी कुणी तरी आधीच तोडलेली.
दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर नातेवाईक,
नातेवाइकांच्या हातात डबे.
सलाईनचा खांब धरून रुझार पाऊल पाऊल टाकत होता.
मी पुढे, लघवीची पिशवी सांभाळत.
मागे उल्हास,
तोंड भिंतीकडे, हात लांब,
टॉवेल धरून खेकड्यासारखा आडवा चालत,
आणि हळू आवाजात, इस्पितळ म्हणून,
त्याच शिव्या.

रुझार मध्येच थांबला. वळला नाही.
"कितवा टेक रे हा?"

"दहावा. चल."

हर्नियात हसायला मनाई असते.
नर्स धावत आली.