नाव विचारलेलं नाही

हे सर्वेक्षण निनावी आहे, असं वर ठळक लिहिलंय.
खाली विचारलंय :
विभाग? टपाल.
मजला? चौथा.
स्त्री की पुरुष? स्त्री.
वय? पन्नास ते पंचावन्न.
नोकरीची वर्षं? सव्वीस.
मरोळच्या या अख्ख्या इमारतीत
एवढ्या चाळण्यांनंतर दाणा एकच उरतो,
त्याला हेमांगी पागधरे म्हणतात.
नाव तेवढं विचारलेलं नाही.

एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी मनापासून.

कंपनीच्या ध्येयाशी मी जोडलेली आहे.
मी पाकिटांना तिकिटं जोडते. तीन.

माझं म्हणणं वरपर्यंत पोचतं.
वर म्हणजे नववा मजला.
आमच्या कार्डावर लिफ्ट आठव्यापर्यंत जाते. तीन.

तीन बरा. तीनला कुणी केबिनमध्ये बोलवत नाही.
इरफानने एकदा दोन दाबला होता,
तर सावर्डेकरांनी सगळ्यांना समोसे मागवले
आणि विचारलं, "कुणाला काही त्रास आहे का?"
इरफानकडेच बघत.

प्रश्न अठरावा :
कार्यालयात तुमचं जिवाभावाचं कुणी आहे का?
हो. नाही.
'होता'ला चौकोन नाही.

घोन्साल्विस समोर बसायचा.
फ्रँकिंग मशीन अडलं की त्याला वसईकडच्या शिव्या घालायचा
आणि ते मुकाट चालायचं.
तीन वर्षं मी शेवटच्या रकान्यात एकच वाक्य लिहीत होते :
बायकांच्या बाथरूमला कडी नाही,
पाय दाराला लावून बसावं लागतं.
दिवाळीआधी मीच नाक्यावरून कडी आणली, साठ रुपयांची.
स्क्रू त्याने आवळले,
आत शिरताना उगाचच मोठ्याने खोकत,
आत कुणी नाही हे मी दहादा सांगूनही.

जानेवारीत सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.
पडद्यावर : 'तुम्ही म्हणालात, आम्ही केलं!'
आणि खाली आमच्या कडीचा फोटो.
टाळ्या झाल्या.
सगळ्यात जोरात घोन्साल्विसने वाजवल्या,
माझ्याकडे बघत, गाल आतून चावत.

मार्चमध्ये मेलवर 'पुनर्रचना' असा शब्द आला.
सोमवारी त्याच्या खुर्चीत कुरियरची खोकी होती.
मशीन अजून अडतं.
शिव्या मला पाठ आहेत,
पण माझ्या तोंडून त्या विनंतीसारख्या ऐकू येतात.

मी अठरावा सोडून पुढे जाते.
पान परत वर येतं, लाल अक्षरात :
या प्रश्नाचं उत्तर अनिवार्य आहे.

पाच वाजता आठवण येते मेलवर :
'प्रिय हेमांगी,
तुमच्या विभागाचा सहभाग पंचाहत्तर टक्के झाला आहे.
एकाच व्यक्तीचं उत्तर बाकी आहे.
सर्वेक्षण निनावी असल्याने
ती कोण, हे आम्हाला ठाऊक नाही.'

मी उठते. बाथरूममध्ये जाते.
कडी लावते.
जरा घट्टच बसते ती, अजून.