पारसनीस

मजमुदार सर फळ्यावर चार शब्द लिहायचे:
लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व.
खडू मोडायचा तो नेमका चौथ्यावर.
वर घुमटात पारवे, आणि पंखा
एखाद्या म्हाताऱ्या प्रतिनिधीसारखा कुरकुरणारा,
हरकत नोंदवून ठराव जाऊ देणारा.

शकीबा माझ्या शेजारी बसायची. हेरातची.
शिष्यवृत्तीवर बडोद्याला आलेली,
एम. ए. पार्ट टू, आंतरराष्ट्रीय संबंध.
ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तिचं शहर गेलं,
रविवारी राजधानी.
त्या रविवारी सकाळी आमच्याकडे झेंडावंदन होतं.
तिनं बुंदीचा लाडू कागदी पिशवीत घालून ठेवला,
नंतर खाईन म्हणाली.

त्या आठवड्यात सरांनी विषय बदलला नाही.
मान्यता, पान एकशे बारा.
वास्तविक आणि विधिवत.
तेवीस मास्क वहीत बघत होते,
आणि शकीबानं हात वर करून विचारलं,
सर, परीक्षेत कोणती लिहायची?

तिच्या पासपोर्टची मुदत अजून दोन वर्षं होती.
सरकारची नव्हती.

काळा घोड्याच्या पुलावरून आम्ही मगर बघायचो.
विश्वामित्रीच्या चिखलात ती तोंड उघडं टाकून पडलेली,
एक काठ महापालिकेचा, एक युनिव्हर्सिटीचा,
वनखात्याचा फलक दोन्हीकडे.
हिला कोणी मान्यता दिली, शकीबा म्हणाली.
मग बराच वेळ हसली.
मग नुसतीच कठड्याला धरून उभी राहिली.

शब्दांचा खेळ तिनंच काढला,
दांडिया बाजारात सेव-उसळीच्या गाडीवर.
जमीन, मी म्हणाले. ज़मीन, ती म्हणाली.
कागद. काग़ज़.
सरकार. तेच.
दप्तर, हद्द, अर्ज, मुदत, जबाब.
उसळवाल्याचे हात थांबले, तो ऐकायला लागला.
आम्ही जिंकत चाललो होतो.
मग मी म्हणाले, पाणी. ती म्हणाली, आब.
भूक. तिच्याकडे दुसरंच काही.
आई. दुसरंच काही.
घर, मी म्हणाले. ख़ाना, ती म्हणाली,
आणि मला एकदम आठवलं, आहे की आमच्याकडे!
दवाखाना, कारखाना, बंदीखाना.
तिनं तिखट तरी ओतून घेतली.
म्हणजे तुमच्या भाषेत, ती म्हणाली,
आमचं घर आहे, फक्त तिथे राहायला कोणी नाही.

मुदतवाढीचा अर्ज मीच टाइप केला.
देश या रकान्यापाशी कर्सर
लुकलुकत राहिला, आम्ही दोघी बघत राहिलो.
शेवटी तिनं जुनंच नाव घातलं.
शिफारसकर्ता म्हणून खाली मी सही केली
आणि तिनं आडनाव दोनदा वाचलं.

पारसनीस.
फ़ारसीनवीस? म्हणजे तू फारसी लिहिणारी?
मी म्हणाले, असतील कोणी.
कुठल्याशा दरबारात कानाला बोरू लावून,
एका राजाचा राग दुसऱ्या राजाला
नम्र भाषेत कळवणारे.
मला अलिफसुद्धा येत नाही.

परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, राज्याचे घटक विशद करा.
मी चार लिहिले, उदाहरणांसकट.
तिनं तो सोडला,
पर्यायी प्रश्न घेतला, नद्यांच्या पाणीवाटपाचा,
आणि तीन पुरवण्या लावल्या.

नंतर ती टोरांटोला गेली, की हॅम्बुर्गला.
मेसेजच्या शेवटी शहर बदलत गेलं,
मग मेसेजच थांबले.

त्या दिवशीची प्रश्नपत्रिका आहे माझ्याकडे.
मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं
माझं आडनाव लिहून दिलं होतं तिच्या लिपीत,
दोन ठिपके जरा जास्तच दाबून.
वाचता येत नाही अजून.
कुठून सुरू होतं, तेवढं कळतं.